रेणूला डोळे नसतात, मग तो ओळखतो कसा? (अ‍ॅप्टामरची ओळख)



गेल्या सत्रात दहावीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा चालू असताना एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. "सर, शरीरात हजारो प्रकारचे रेणू एकमेकांत मिसळलेले असतात. रेणूला डोळे नाहीत, नाक नाही. मग औषधाचा रेणू नेमका हवा त्याच रेणूला कसा गाठतो?" आम्ही गेली पंचवीस वर्षे जे उत्तर देत आलो तेच दिले. प्रत्येक कुलपाला त्याची किल्ली असते, दुसरी किल्ली लागत नाही. मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे चेहऱ्यावर दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. कुलूप लोखंडाचे आणि टणक असते. शरीरातले रेणू पाण्यात सतत थरथरत, वळत, उलगडत असतात. शिवाय किल्ली कोणीतरी कारागीर बनवतो. रेणूंच्या किल्ल्या कोण बनवणार?

कुलूप-किल्लीची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली मांडली. १९५८ मध्ये डॅनियल कोशलंड यांनी तिच्यात मोठी दुरुस्ती सुचवली. ती दुरुस्ती आम्ही वर्गात कधी सांगितलीच नव्हती. म्हणून सुटीत थोडे वाचन केले आणि अ‍ॅप्टामर नावाच्या रेणूंची गोष्ट हाती लागली. त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धवट राहिलेले उत्तर आम्हाला या गोष्टीत सापडले, म्हणून ती पत्रिकेतून सर्वांसमोर ठेवत आहोत.

आधी शब्दांबद्दल थोडेसे. आमचे बी.एस्सी.पर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ज्याला 'अणु' म्हणतात त्याला मराठीत 'रेणू' म्हणतात, आणि हिंदीतला 'परमाणु' म्हणजे मराठीतला 'अणू'. शाळेत नवे असताना पाण्याच्या एका 'अणूत' तीन 'परमाणू' असतात असे आम्ही फळ्यावर लिहिले आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. इंदूरची आपली मुले घरी मराठी, मित्रांत हिंदी आणि पुढे कॉलेजात इंग्रजी अशी तीन घाटांचे पाणी पितात. तेव्हा सांगून ठेवतो, या लेखात अणू म्हणजे हायड्रोजन, ऑक्सिजन अशा मूलद्रव्याचा एक कण, आणि रेणू म्हणजे अशा अणूंची जुळणी.

आता मूळ विषय. डीएनए म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिळलेली शिडी येते. तिचे दोन पदर असतात. एका पदरावरचा अ‍ॅडेनिन दुसऱ्या पदरावरच्या थायमिनला धरतो आणि ग्वानिन सायटोसिनला. थोडक्यात ए-टी आणि जी-सी. पण दुसरा पदरच नसेल तर? एकट्या पदरातील ही अक्षरे जोडीदार शोधत स्वतःच्याच पदरावर वळतात. कुठे गाठ पडते, कुठे फास होतो, कुठे कप्पा तयार होतो. अक्षरांचा क्रम बदलला की आकारही बदलतो. अ‍ॅप्टामर म्हणजे डीएनएचा किंवा आरएनएचा असा एक लहान एकपदरी धागा. तो आपोआप विशिष्ट आकारात दुमडतो आणि त्या आकारामुळे एका ठरावीक रेणूला घट्ट धरतो. लॅटिनमध्ये 'अ‍ॅप्टस' म्हणजे चपखल बसणारा आणि ग्रीकमध्ये 'मेरोस' म्हणजे भाग, यावरून हे नाव ठेवले गेले. ज्याला तो धरतो त्याला आपण लक्ष्य म्हणू. लक्ष्य एखादे मोठे प्रथिन असू शकते, एखाद्या औषधाचा इवलासा रेणू असू शकतो, अख्खी पेशीदेखील असू शकते.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. डीएनए म्हणजे माहितीचे पुस्तक, असे आपण शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण इथे त्या पुस्तकाचा मजकूर कोणी वाचत नाही. इथे डीएनए हे वाकणारे, धरणारे एक साधन आहे.

हे हाताने करून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून एक प्रयोग. परकराची जुनी नाडी घ्या, किंवा कागदाची लांब पट्टी कापा. तिच्यावर सारख्या अंतराने १५ चौकोन आखा आणि क्रमाने ही अक्षरे लिहा: जी जी टी टी जी जी टी जी टी जी जी टी टी जी जी. उलट वाचलीत तरी तीच येतात, हे चटकन ज्याच्या लक्षात आले त्याला शाबासकी. हा १९९२ साली अमेरिकेतील संशोधकांनी शोधलेला डीएनएचा अ‍ॅप्टामर आहे. तो थ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनाला धरतो. जखम झाल्यावर रक्त गोठवण्याच्या कामात थ्रॉम्बिनचा मुख्य वाटा असतो.

आता पट्टी दुमडू या. पहिले दोन जी खालून वर न्या. तिसऱ्या आणि चौथ्या घरातील टी-टीपाशी वरच्या बाजूला वळण घ्या. पाचवा आणि सहावा जी वरून खाली आणा. टी-जी-टी ही तीन घरे (सात, आठ, नऊ) खालच्या बाजूला वळणात जातील. दहावा आणि अकरावा जी पुन्हा वर. बारा-तेरा हे टी-टी पुन्हा वरचे वळण. चौदावा आणि पंधरावा जी खाली. चार पाय झाले. ते एका ओळीत न ठेवता खुर्चीच्या पायांसारखे चौकोनात उभे करा. आता खालच्या मजल्यावर १, ६, १० आणि १५ या क्रमांकांचे चार जी समोरासमोर येतात, आणि वरच्या मजल्यावर २, ५, ११ आणि १४. ग्वानिनची एक गंमत आहे. त्याला सायटोसिन मिळाला नाही तर चार ग्वानिन एकमेकांचे हात धरून चौकट करतात, आपल्या मुली फुगडीत गोल धरतात तशी. प्रत्येक ग्वानिन शेजाऱ्याला दोन हायड्रोजन बंधांनी धरतो. अशा दोन चौकटी एकावर एक बसतात आणि त्यांना सांधण्याचे काम पोटॅशिअमचा एक आयन करतो. तो नसेल तर खुर्ची डळमळते. वरच्या बाजूला राहिलेली टी-टीची दोन वळणे चिमट्याच्या दोन टोकांसारखी थ्रॉम्बिनला पकडतात. आठवा जी मात्र कोणत्याच चौकटीत नाही, तो खालच्या वळणात एकटा राहतो.

थ्रॉम्बिनच्या ज्या भागाला हा चिमटा धरतो त्या भागावर धन प्रभार जास्त आहे. डीएनएच्या कण्यात फॉस्फेट असल्यामुळे त्याच्यावर ऋण प्रभार असतो. दोघांचे जमते. एरवी फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन याच जागी येऊन टेकते. ती जागा अडली की रक्त गोठण्यास उशीर होतो. या धाग्याचा रेणुभार जेमतेम ४,७०० आहे. आपल्या रक्तातील प्रतिपिंडांचा रेणुभार साधारण १,५०,००० असतो. म्हणजे तिसाव्या हिश्श्याचा हा बालक ओळखण्याचे तेच काम करून दाखवतो.

पण हा क्रम सुचला कोणाला? इथेच किल्ली बनवणाऱ्या कारागिराचा प्रश्न येतो. उत्तर असे की क्रम कोणालाच सुचला नाही. तो चाळून काढला.

ही रीत १९९० साली अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे निघाली. कोलोरॅडो विद्यापीठात क्रेग ट्युर्क आणि लॅरी गोल्ड यांनी काम केले आणि आपल्या रीतीला 'सेलेक्स' हे नाव दिले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांनी काम केले आणि 'अ‍ॅप्टामर' हा शब्द दिला. शोस्टाक यांना पुढे २००९ मध्ये गुणसूत्रांच्या टोकांविषयीच्या वेगळ्याच संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

रीत समजायला सोपी आहे. यंत्राच्या साहाय्याने डीएनएचे असे धागे बनवतात की मधल्या प्रत्येक घरात चारपैकी कोणतेही अक्षर येऊ शकते. घरे १५ असतील तर किती धागे होतील? चारचा पंधरावा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४. घरे ४० केली तर संख्या एकावर चोवीस शून्ये इतकी होते. तेवढे सगळे धागे कोणत्याही परीक्षानळीत मावणार नाहीत. प्रत्यक्षात फार तर एकावर पंधरा शून्ये इतके धागे घेतात. म्हणजे शक्य असलेल्या शंभर कोटी धाग्यांपैकी एक. एवढ्यावरही काम होते, हे आम्हाला फार नवलाचे वाटते.

आता लक्ष्य रेणू बारीक मण्यांवर पक्के चिकटवून ते मणी एका नळीत भरतात. वरून धाग्यांचे पाणी ओततात. बहुतेक धागे तसेच खाली वाहून जातात. थोडे अडकतात. नळी धुतात, म्हणजे नुसते रेंगाळणारे निघून जातात. जे धरून राहिले ते सोडवून घेतात आणि पीसीआर यंत्रात त्यांच्या प्रती वाढवतात. या यंत्रात प्रत्येक फेरीला प्रती दुप्पट होतात, वीस फेऱ्यांत एकाचे दहा लाखांहून अधिक. मग हे नवे पाणी पुन्हा त्याच नळीतून. पुन्हा धुणे, पुन्हा वाढवणे. घरी रवा काढताना आपण एकच चाळणी एकदाच वापरतो. इथे चाळणी तीच, पण चाळलेल्याचे पीक काढून पुन्हा चाळायचे.

याचे गणित वर्गात करण्यासारखे आहे. एलिंग्टन आणि शोस्टाक यांचा अंदाज असा होता की कुठल्याही वाटेल त्या आरएनए धाग्यांत सुमारे एक हजार कोटींमागे एक धागा दिलेल्या लहान रेणूला धरू शकेल. असे समजा की प्रत्येक चाळणीत चांगल्या धाग्यांपैकी निम्मे टिकतात आणि वाईट धाग्यांपैकी हजारात एक चुकून टिकतो. म्हणजे दर खेपेस चांगल्यांचे प्रमाण ५०० पट सुधारते. पहिल्या चाळणीनंतर दोन कोटींमागे एक चांगला. दुसऱ्यानंतर ४०,००० मागे एक. तिसऱ्यानंतर ८० मागे एक. चौथ्यानंतर चांगलेच वाईटांच्या सहापट होतात. कागदावर चार खेपा पुरतात, प्रयोगशाळेत धुणे इतके स्वच्छ होत नाही म्हणून साधारण आठ ते पंधरा खेपा कराव्या लागतात.

ट्युर्क आणि गोल्ड यांच्या प्रयोगातील एक तपशील आमच्या मनात घर करून राहिला. एका विषाणूचे एक प्रथिन आरएनएच्या एका विशिष्ट वळणाला धरते. त्या वळणातील आठ घरे त्यांनी मोकळी सोडली, म्हणजे ६५,५३६ पर्याय झाले. चाळून शेवटी दोन विजेते राहिले. एक होता निसर्गात आधीपासून असलेला क्रम. दुसरा त्याच्यापेक्षा चार घरांत वेगळा आणि धरण्यात तितकाच तरबेज. एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरे, आणि त्यांतले एक निसर्गाने वापरलेलेच नाही.

आता चहाकडे येऊ. चहात कॅफीन असते हे सर्वांना ठाऊक आहे. चहाच्या पानांत थिओफिलिन नावाचे त्याचे एक भावंडही अगदी थोड्या प्रमाणात असते. हे थिओफिलिन दम्यावर औषध म्हणून दिले जात आले आहे. त्याची मात्रा कमी पडली तर गुण येत नाही आणि थोडी जास्त झाली तर अपाय होतो, म्हणून रक्तातील प्रमाण मोजावे लागते. अडचण अशी की चहा-कॉफी पिणाऱ्याच्या रक्तात कॅफीनही असते आणि दोघांत फरक केवढा? थिओफिलिनमध्ये एका नायट्रोजनवर हायड्रोजनचा एक अणू असतो. कॅफीनमध्ये त्याच जागी एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा मिथिल गट असतो. रेणुभार १८० आणि १९४. बाकी सारे सारखे. जुळ्या भावांपैकी एकाने टोपी घातली आहे, इतकेच.

१९९४ साली अमेरिकन संशोधकांनी थिओफिलिनसाठी आरएनएचा अ‍ॅप्टामर चाळून काढला. त्यांनी एक युक्ती केली. धागे थिओफिलिनच्या मण्यांवर अडकले की आधी नळीतून कॅफीनचे पाणी सोडले. जे धागे कॅफीनवरही भाळले ते मणी सोडून कॅफीनबरोबर वाहून गेले. ते फेकून दिले. जे कॅफीनला बधले नाहीत तेच ठेवले आणि वाढवले. शेवटी जो अ‍ॅप्टामर मिळाला तो थिओफिलिनला कॅफीनपेक्षा सुमारे १०,००० पट घट्ट धरतो. एका मिथिल गटावरून!

कारण पुढे त्या धाग्याची रचना पाहिल्यावर कळले. धाग्याच्या मध्यभागी एक कप्पा होतो. थिओफिलिन त्यात शिरते आणि त्याचा तो नायट्रोजनवरचा हायड्रोजन कप्प्यातील सायटोसिनशी बंध करतो. कॅफीनला तो हायड्रोजनच नाही, आणि त्याच्या जागी असलेला मिथिल गट कप्प्याच्या भिंतीला अडतो. मुलांनो, ओळखणे म्हणजे नुसते हव्या त्याला धरणे नव्हे. नको त्याला सोडणेही त्यातच आले, आणि ते वेगळे शिकवावे लागते. कॅफीनच्या पाण्याने नेमके तेच शिकवले.

धरणे म्हणजे नेमके काय होते तेही पाहू. हायड्रोजन बंध आलेच. प्रभारांचे आकर्षण आले. शिवाय डीएनए-आरएनएची अक्षरे चपट्या कड्यांची असतात, ती भाकऱ्यांच्या चवडीसारखी एकावर एक रचली जातात. थिओफिलिनही चपटे, म्हणून ते दोन थरांच्या मध्ये एखाद्या भाकरीसारखे सरकून बसते. यांपैकी प्रत्येक ओढ एकटी फार दुबळी असते, क्षणोक्षणी सुटते आणि जुळते. पण लहान मुलांच्या बुटाला जी चिकटपट्टी असते ती आठवा. तिचा एक आकडा नखानेही सुटतो, शेकडो आकडे मिळून बूट दिवसभर पायात राहतो. आकार चपखल असला की या सगळ्या दुबळ्या ओढी एकाच वेळी कामाला लागतात. आकार जरा चुकला की निम्म्या ओढी पोचतच नाहीत.

आणि हा आकार आधीपासून तयार नसतो. थिओफिलिन आत येण्यापूर्वी तो कप्पा बराचसा सैल असतो. ते आल्यावर धागा त्याच्याभोवती मिटतो. झेल घेताना चेंडू तळव्यावर आला की बोटे मिटतात, तसेच. कोशलंड यांनी विकरांविषयी १९५८ मध्ये हेच म्हटले होते. त्या मुलीला आम्ही किल्ली सांगितली, सांगायला हवा होता झेल. पुढच्या वर्षीच्या टाचणात ही दुरुस्ती केली आहे.

पालक विचारतील, याचा उपयोग काय? आमची आजी नव्वदच्या दशकात वाचता येईनासे झाल्यावर म्हणायची, पानाच्या कडा दिसतात, नेमके मधले अक्षर दिसत नाही. तिच्या डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी, पीतबिंदूखाली, नव्या रक्तवाहिन्या फुटून पाझरत होत्या. त्या काळी डॉक्टरांनी हात टेकले. या वाहिन्या वाढण्याचा हुकूम देणारे एक प्रथिन असते. त्याला धरून ठेवणारा आरएनएचा अ‍ॅप्टामर, पेगाप्टानिब, डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाला. औषध म्हणून मंजुरी मिळालेला हा पहिला अ‍ॅप्टामर. साधा आरएनए शरीरात टिकत नाही, विकरे त्याचे तुकडे करतात. म्हणून त्याच्या शर्करेत ठिकठिकाणी फ्लोरिन आणि मिथिलचे गट घातले होते, आणि डोळ्यातून लवकर निघून जाऊ नये म्हणून एक जड शेपूट जोडले होते. दर सहा आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन. एका वर्षाच्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी ७० टक्के रुग्णांची दृष्टी फारशी घसरली नाही, औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के होते. मात्र २००६ मध्ये प्रतिपिंडाच्या तुकड्यापासून बनवलेले दुसरे औषध आले. त्याने पुष्कळ रुग्णांची दृष्टी सुधारलीही, आणि पेगाप्टानिब मागे पडले. त्यानंतर दुसरा अ‍ॅप्टामर औषध म्हणून मंजूर व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडले. तोही डोळ्याच्या पडद्याच्याच एका वेगळ्या विकारावर आहे.

म्हणजे एकोणीस वर्षांत औषधे दोन. ज्या थ्रॉम्बिनच्या धाग्याची आपण नाडी दुमडली तो रक्तात काही मिनिटांतच नाहीसा होतो. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण विज्ञानाच्या बातम्यांत प्रत्येक शोध उद्याच दवाखान्यात येणार असतो. तपासणीच्या कामात अ‍ॅप्टामरला जास्त वाव दिसतो. उंदीर-ससे न लागता तो यंत्रात बनतो, आणि गरम होऊन उलगडला तरी बहुधा थंड झाल्यावर पुन्हा दुमडतो. आपल्या देशात फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये क्षयरोगाच्या जंतूंची प्रथिने ओळखणाऱ्या डीएनए अ‍ॅप्टामरवर काम झाले आहे.

एक गुण मात्र अ‍ॅप्टामरकडे असा आहे की तो इतर औषधांत सहसा मिळत नाही. त्याचा उतारा काय असेल हे त्याचा क्रम वाचूनच सांगता येते. ज्याच्या जोड्या त्याच्याशी जुळतात असा दुसरा पदर बनवून सोडला की तो अ‍ॅप्टामरला चिकटतो, त्याची घडी मोडते आणि पकड सुटते. २००२ साली रक्त न गोठू देणाऱ्या एका अ‍ॅप्टामरवर हे करून दाखवले गेले. पुढे त्यातून निघालेल्या औषधाची मोठी चाचणी २०१४ मध्ये थांबवावी लागली. काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी झाली आणि संशय त्या जोडलेल्या शेपटावर गेला.

शेवटी एका चुकीची हकीकत. बंगाल, बिहारमध्ये अनेक ठिकाणी हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सांगितलेली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतके थोडे आर्सेनिक जागेवरच ओळखणारा स्वस्त अ‍ॅप्टामर मिळाला तर किती बरे. २००९ मध्ये असा डीएनएचा धागा सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी त्याच्यावर तपासणीच्या पद्धती उभ्या केल्या. सोन्याचे सूक्ष्मकण आणि हा धागा असलेल्या पाण्यात आर्सेनिक आले की रंग बदलायचा. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. हा धागा खरोखर आर्सेनिकला धरतो का? धरण्यात उष्णतेची देवघेव होते, ती त्यांनी मोजली, काहीच मिळाले नाही. मग आर्सेनिकशी काही संबंध नसलेले भलतेच धागे घेऊन प्रयोग केला, तरी निष्कर्ष तेच. आर्सेनिक सोन्याच्या कणांना आपले आपणच चिकटत होते आणि रंग त्यामुळे बदलत होता. धाग्याचा काही हात नव्हता.

दहा वर्षे अनेक जण रंग बदलताना पाहत होते आणि कारण दुसरेच होते. वर्गात प्रयोग जमला की आम्ही टाळ्या वाजवून पुढच्या प्रयोगाकडे वळतो. यापुढे आपल्या प्रयोगशाळेत प्रत्येक गटाने एक जादा परीक्षानळी ठेवायची आहे. तिच्यात मुख्य पदार्थ सोडून बाकी सगळे घालायचे. तिचाही रंग बदलला तर वहीत तसेच लिहायचे, गुण कापले जाणार नाहीत. त्यासाठी लागणाऱ्या जादा परीक्षानळ्या विश्वस्त मंडळाने मंजूर केल्या आहेत, त्याबद्दल आभार.

आता विद्यार्थ्यांसाठी दोन प्रश्न. वरच्या चाळणीच्या गणितात वाईट धागे हजारात एक न टिकता दहात एक टिकले, आणि चांगले पूर्वीसारखेच निम्मे, तर चांगल्यांची संख्या वाईटांपेक्षा जास्त होण्यासाठी किती खेपा लागतील? आणि नाडीवरच्या पंधरा अक्षरांपैकी सहाव्या घरातील जी पुसून तिथे टी लिहिला तर खुर्चीचे काय होईल? पहिल्याचे उत्तर आकड्यात द्यायचे आहे, दुसऱ्याचे नाडी दुमडून दाखवायचे आहे. शनिवारी मधल्या सुटीत प्रयोगशाळेत या. ज्या विद्यार्थिनीने मूळ प्रश्न विचारला होता तिने तर यावेच, तिचे एक उत्तर आमच्याकडे बाकी आहे.